वाटीतले खिळे

यंत्राचे गोल दार उघडताच आतून जे पाणी ओघळले ते आधी काळे होते, मग तांबूस झाले, आणि त्या पाण्यामागोमाग ताईच्या हातांत आले ते धाकटीचे जाकीट! जाड निळ्या कापडाचे, बिनबाह्यांचे ते जाकीट बुडून बाहेर काढलेल्या जिवासारखे तिच्या मनगटांवर लोंबत होते. सारा हिवाळा धाकटीने त्याच्या पाठीवर वाकून जी आकृती रंगवली होती, अंगात लोखंडी कवच घातलेली, हाती घण उगारलेली ती स्त्री... तिचे कवच विरघळले होते, घण वाहून गेला होता, आणि मागे धगधगणाऱ्या भट्टीच्या ज्वाळा कुणी फुंकर मारून विझवाव्यात तशा नाहीशा झाल्या होत्या.

"ताई?"

लाँड्रीच्या पुढच्या दालनातून पडदा सारून धाकटी आत आली होती. तिला घरात भुंगा म्हणत. पाळण्यात असल्यापासून तिच्या ओठांवर कसला ना कसला ठेका सतत गुणगुणत असे, म्हणून. ती गुणगुण पडद्यापाशीच तुटली.

"ताई, हे काय गं?"

"चुकून गं, भुंग्या!" हे शब्द ताईच्या तोंडून इतक्या सहज, इतक्या तयारीने निघाले की तिचे तिलाच दचकायला झाले. "हॉटेलच्या चादरींच्या ढिगात कसं गेलं कोण जाणे... मी बघितलंच नाही... अगं, बोल ना काहीतरी! ओरड माझ्यावर!"

भुंगा ओरडली नाही. तिची नजर जाकिटावरून कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. ताई त्या टेबलावर कपड्यांचे डाग काढीत असे. तिथे ब्रश होते, बाटल्या होत्या, एक स्टीलची वाटी होती. तिथे क्षणभर घुटमळून ती नजर परत आली. मग तिने पुढे होऊन ते जड, निथळते जाकीट ताईच्या हातांतून अलगद काढून घेतले.

"असू दे," ती म्हणाली. "गरम आहे अजून. हात भाजतील तुझे."

चुकून! माणसाच्या हातून चूक होते, असे कोणी म्हणेल. आणि ते खोटे नाही. परंतु चुकीलाही काही एक नियम असतो. आंधळ्याची वाट चुकते, नवख्याचा हात चुकतो. ज्या स्त्रीने आपले अर्धे आयुष्य दुसऱ्यांचे कपडे धुण्यात घालवले, जिच्या बोटांना स्पर्शावरून कापड कळते आणि वासावरून डाग कळतो, तिच्या हातून एक रंगवलेले जाकीट पांढऱ्या चादरींत 'चुकून' जाणे ही गोष्ट जगातल्या कोणत्याही न्यायाधीशाने मान्य केली नसती. आणि ताईच्या अंतःकरणात जो न्यायाधीश बसला होता, तो तर सर्वांत कठोर होता!

त्या सकाळी भुंगाने स्वतः ते जाकीट तिच्या हाती दिले होते. "ताई, मोठ्या इस्त्रीच्या पाट्याखाली आतल्या बाजूनं दाबून दे. वाफ मात्र बंद ठेव हं! कोरडी उष्णता बसली की रंग कायमचा पक्का. तोवर पाण्याचा थेंबसुद्धा लागता कामा नये."

"आणि पक्का झाल्यावर धुवायचं ना? चार महिन्यांचा घाम आहे त्याला."

"छे! असली जाकिटं कधीच धुवायची नसतात. नियमच आहे तसा."

"वा! लाँड्रीवालीच्या घरात न धुवायचं जाकीट! उद्या म्हणशील, अंघोळही करायची नसते."

"काही जण करत नाहीत," भुंगा गंभीरपणे म्हणाली होती, आणि दोघीही खूप हसल्या होत्या. हसता हसता ताईने वाफेची कळ बंद केली होती, खांद्यांवरचे टोकदार खिळे बाहेर राहतील असे जाकीट पाट्यावर नीट पसरले होते, वरचा पाटा खाली ओढण्यासाठी हातही उचलला होता... आणि मग तो हात तसाच थांबला होता.

का थांबला? त्याचे उत्तर आदल्या दिवशीच्या एका संभाषणात होते. आणि त्या संभाषणाचे मूळ पुष्कळ मागे, आई गेली त्या वर्षापर्यंत पोचत होते.

आई गेली तेव्हा भुंगा भिंत धरून उभी राहायला शिकत होती. बाबा कारखान्यात यांत्रिक घणावर काम करीत. तापलेल्या लोखंडाला आकार देणाऱ्या त्या प्रचंड घणाने त्यांचे पोट भरले आणि कान मात्र नेले. लाँड्री आईची होती. ताईने शाळेचे दप्तर फळीवर ठेवले ते पुन्हा काढले नाही. पुढे समोरच्या रस्त्यावरच्या एका घड्याळजीने तिला मागणी घातली. "धाकटी जरा मोठी होऊ दे," असे ती म्हणाली, आणि तो थांबला. पुन्हा ती तेच म्हणाली, आणि तो पुन्हा थांबला. मग एके दिवशी तो थांबेनासा झाला. त्याच्या मुलांचे गणवेश आजही याच लाँड्रीत येत, आणि ताई त्यांच्या कॉलरींना इतर गिऱ्हाइकांपेक्षा किंचित अधिक काळजीने इस्त्री करी. ह्या साऱ्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. पण न बोललेली गोष्ट नाहीशी होत नाही. कपाटाच्या तळाशी दडपून ठेवलेल्या ओल्या कपड्यासारखी ती आतल्या आत कुबट होत राहते!

भुंगा वाढली, आणि एके दिवशी घरात 'लोहदंश' आले.

लोहदंश म्हणजे वाद्यमेळ. कर्कश गिटारी, छातीवर आदळणारे ढोल, आणि गातो की शाप देतो हे कळू नये असा गायक. भुंगाने प्रथम त्यांची तबकडी लावली तेव्हा ताई हातातली इस्त्री टाकून धावत आली होती. "काय पडलं? भांड्यांची मांडणी पडली का?"

"भांडी नव्हेत गं! पोलाद आहे हे, पोलाद!"

आणि त्याच क्षणी एक विलक्षण गोष्ट घडली. खिडकीशी बसलेले बाबा उठले, काठी टेकीत स्पीकरपाशी गेले, त्यावर त्यांनी आपला घट्ट्यांनी भरलेला तळवा ठेवला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी तरारले. "थोरले... थोरले, हे मला ऐकू येतंय! बाकीच्यांची नुसती तोंडं हलताना दिसतात मला. हे येतंय ऐकू! आमच्या घणासारखा पडतोय ठेका, बघ!"

त्या दिवसापासून बापलेकींचे एक निराळे जग झाले. बाबा तळवा टेकून ऐकत, भुंगा शेजारी बसून चित्रे काढी. लोहदंशच्या प्रत्येक तबकडीवर ती कवचधारिणी स्त्री असे, आणि तिच्या चेहऱ्यावर लोखंडी मुखवटा असे. भुंगाने ती वहीत काढली, भिंतीवर काढली, बाबांच्या काठीवरसुद्धा काढली. ताई त्या जगाच्या दारात उभी राहून म्हणे, "जेवायला चला". आणि ती दोघे येत, जेवत, पुन्हा आत जात. तिला कोणी आत यायला मनाई केली होती असे नाही. पण कोणी बोलावलेही नव्हते.

आणि आदल्या दिवशी, इस्त्रीच्या वाफेआड उभी असताना, तिने ते ऐकले. बाबांशी गुपित बोलायचे म्हणजे त्यांच्या कानाशी ओरडावे लागे. त्यामुळे ह्या घरातली गुपिते नेहमीच सर्वांना ऐकू जात.

"लोहदंश इथे येतायत, बाबा! सभागृहाच्या ओसरीत सगळ्यांची जाकिटं मांडणार. त्यांचा चित्रकार स्वतः बघणार आणि एकाला मदतनीस म्हणून बरोबर नेणार. रंगमंचाचे पडदे रंगवायला! वर्षभर!"

"जा पोरी, जा!" बाबा गरजले. "मागे वळून बघू नकोस!"

"पण ताईला आत्ताच सांगू नका हं. तिला तिथेच कळू दे."

तिला तिथेच कळू दे! ताईच्या हातातल्या शर्टाची बाही त्या वेळी करपली. गेल्या कित्येक वर्षांत तिच्या हातून करपलेला तो पहिला कपडा. मागे वळून बघू नकोस... कोणाकडे? मागे उभे होते तरी कोण? एक ती! जिच्यासाठी सारे सोडले तीच आपल्याला सर्वांत शेवटी, परक्यांच्या गर्दीत सांगणार, की मी चालले! त्या रात्री ती रडली नाही. आणि सकाळी इस्त्रीच्या पाट्यावर ते जाकीट पसरल्यावर तिच्या मनात जो विचार आला, तो विचार कसला, एक कुजबुज होती ती: *चित्र नसेल तर ती जाणार नाही.* एवढेच. मग तिच्या हातांनी जाकीट उचलले, आणि पुढचे सर्व काम ते हात, नेहमीच्या सवयीने, मुकाट्याने करीत गेले...

आणि भुंगाने जाणे सोडून दिले.

ताईने जे मागितले ते तिला मिळाले! दुसऱ्या सकाळी भुंगा नेहमीपेक्षा लवकर लाँड्रीत आली, पदर खोचावा तसा ॲप्रन खोचून म्हणाली, "त्या कार्यक्रमाचं राहू दे आता. हॉटेलच्या चादरी तुंबल्यात ना? चल, संपवू या." ती चादरी मोजून रचीत होती, गिऱ्हाइकांशी हसून बोलत होती, जुन्या कपड्यांच्या चिठ्ठ्या नीट लावीत होती, अशी बहीण कोणाला नको असेल? पण ती गुणगुणत नव्हती. भुंगाच्या ओठांवरचा ठेका थांबला होता, आणि त्या शांततेत ताईला आपल्याच छातीतले ठोके असह्य मोठ्याने ऐकू येत होते. चिडली असती, भांडली असती, अबोला धरला असता तर किती बरे झाले असते! शिक्षा झालेला अपराधी निदान रात्री झोपतो. जिला शिक्षाच कोणी देत नाही तिने जावे कुठे?

दुपारी बाबा काठी टेकीत आले. "थोरले, घरात कोण गेलंय?"

"कोण जाणार, बाबा?"

"मग हिनं स्पीकरवर चादर का टाकलीय? मेलेल्यावर टाकतात तशी?"

ताईने मान फिरवली. कपड्यांच्या गठ्ठ्याचे निमित्त करून ती मागच्या अंगणात गेली. तिथे दोरीवर ते जाकीट वाळत होते. उन्हात त्याची पाठ आणखीच केविलवाणी दिसत होती. निळ्या कापडावर कवचाची राखाडी सावली, घणाच्या जागी एक डाग. त्या पुसटलेल्या आकृतीच्या चेहऱ्यावर मात्र मुखवटा जसाच्या तसा होता, कारण तो रंगवलेला नव्हता. काळ्या चामड्याचा तुकडा कापून, वरच्या कडेने शिवून, खाली टिचबटणाने बसवलेला होता. चामड्याखाली ओल राहिली तर कापड कुजते. ताईला ते ठाऊक होते; आणि कुजू नये म्हणून, केवळ सवयीने, तिने ते टिचबटण काढले आणि मुखवटा वर उचलला.

खाली तिचा चेहरा होता.

तिचा! कपाळावर घामाने चिकटलेल्या बटा. हात गुंतलेले असताना त्या फुंकरीने उडवते तेव्हा होतात तसे किंचित मिटलेले डोळे. आणि डाव्या भुवईपाशी तो चट्टा, भुंगा लहानपणी इस्त्रीच्या नळीला लटकली तेव्हा तिला बाजूला ढकलताना वाफेने उठलेला, जो ताई स्वतः आरशात पाहायची कधीच विसरली होती... सारे रंग गेले होते, आणि ह्या चेहऱ्याचा एक कणही हलला नव्हता!

ती उलट्या बादलीवर बसली. मागून काठीचा आवाज आला.

"बघितलास होय?" बाबा म्हणाले.

त्यांना ऐकू जावे म्हणून ओरडण्याचे त्राण तिच्यात नव्हते. तिने नुसते बोटाने दाखवले.

"त्या बाईला चेहरा नसतो ना कधी. तो चाहत्यांनी घालायचा, अशी रीत आहे त्यांची. ज्याच्या जिवावर आपण उभे आहोत, त्याचा. आणि शेवटच्या गाण्याला सगळ्यांनी मुखवटे उघडायचे." बाबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "मला आधी वाटलं, माझा घालेल. आम्ही दोघं ऐकतो ना बरोबर. जरा रागच आला होता मला."

"तुम्ही मला..." तिचे ओठ हलले, आणि त्यांनी ते वाचले.

"सांगू नका म्हणाली ना! तिथे, शेवटच्या गाण्याला, तुझ्यासमोर उघडणार होती. तुझंही तिकीट काढलंय तिनं. माझ्या उशीखाली आहे. आणि हे बघ, निवड झाली असती तर तुला विचारल्याशिवाय गेली असती का ती? वेडी का तू?"

*तिला तिथेच कळू दे!* ज्या वाक्याने तिने स्वतःला अन्यायग्रस्त ठरवले, ज्या वाक्याच्या आधाराने तिने हात उचलला, ते वाक्य तिच्या गौरवाचे होते! आणि चेहरा का गेला नाही, हेही तिला आता उमगले. भुंगाने तो सर्वांत आधी काढला असणार. आणि धीर न धरवून, बाकीचे चित्र होण्याची वाट न पाहता, घरातल्या साध्या इस्त्रीने तो तेवढा तेव्हाच पक्का करून ठेवला असणार. बाकी काही गेले तरी हे जाऊ नये म्हणून!

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्या हातांना अजून साबणाचा वास येत होता.

मोठी चादर एकट्याने घडी करता येत नाही. दोघींनी दोन टोके धरायची, ताणायची, झटकायची, आणि मग एकमेकींकडे चालत जाऊन कोपरे कोपऱ्यांना मिळवायचे. ह्या दोघी बहिणींनी हे काम इतके वेळा केले होते की त्यात बोलण्याची गरज उरली नव्हती. त्या संध्याकाळी उतरत्या उन्हात दोघी अशाच उभ्या होत्या. भुंगा चालत आली, कोपरे पुढे केले. पण ताईने आपली टोके सोडलीच नाहीत.

"दे ना, ताई."

"ते चुकून नव्हतं, भुंग्या."

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली राहिली.

"मी मुद्दाम धुतलं. इस्त्रीवर पसरलं होतं, आणि उचलून यंत्रात घातलं. तू जाऊ नयेस म्हणून... तुमचं बोलणं ऐकलं होतं मी, अर्धवट... अगं, मी डोळे उघडे ठेवून तुझा हिवाळा पाण्यात सोडला गं!"

"माहीत आहे मला."

"काय?"

"त्याच वेळी कळलं. वाटी बघितली ना मी टेबलावरची." भुंगाचा आवाज शांत होता, फार शांत. "खांद्यावरचे सगळे टोकदार खिळे आटे फिरवून काढलेले, वाटीत ठेवलेले. चुकून ढिगात गेलेल्या जाकिटाचे खिळे कोण काढून ठेवतं, ताई?"

ताईने आपल्या हातांकडे पाहिले. खरेच की! तिच्या हातांनी तेही केले होते. धुण्याआधी धातूचे सारे काढून घ्यायचे, ही आईने शिकवलेली पहिली गोष्ट.

"गंजू नयेत म्हणून..." ती पुटपुटली.

"गंजू नयेत म्हणून!" भुंगा एकदम हसली, आणि ते हसू मध्येच फाटले. "माझं चित्र बुडवायला निघालीस, आणि माझे खिळे गंजू नयेत म्हणून काढून ठेवलेस! काय करू मी तुझं? सांग ना, काय करू? धड रागावतासुद्धा येईना मला!"

"मग बोलली का नाहीस? दोन दिवस! दोन दिवस मला जाळलंस!"

"घाबरले मी! वाटलं, माझी ताई असं करते म्हणजे हिच्या आत किती साठलं असेल. म्हटलं, राहते इथेच. चादरी घालते घडी." आता मात्र तिचा बांध फुटला. "पण विचारायचं होतंस ना गं मला! 'जाऊ नकोस' एवढं म्हणायचं होतंस! थांबले असते मी!"

"म्हणूनच नाही म्हटलं!" ताई जवळजवळ किंचाळली. इतकी वर्षे तिच्या तोंडून असा आवाज निघाला नव्हता. "मी म्हटलं असतं आणि तू थांबली असतीस तर दोष माझ्यावर आला असता. मला दोष नको होता, भुंग्या... चांगुलपणाही हवा होता आणि तूही हवी होतीस. सगळ्यांना मी चांगली दिसले पाहिजे, मलासुद्धा! म्हणून यंत्राच्या गळ्यात घातलं..."

चादर खाली पडली. धुतलेली, पांढरीशुभ्र चादर अंगणातल्या मातीत पडली, आणि दोघींपैकी एकीनेही ती उचलली नाही. भुंगाने आपल्या बहिणीला मिठीत घेतले होते, आणि लहानपणी तिला जसे थोपटले जाई तशी ती आता थोरलीला थोपटत होती. पण ताई त्या मिठीत फार वेळ राहिली नाही. क्षमा ऊबदार असते हे खरे. मात्र जिने अपराध केला तिने त्या उबेत लगेच झोपी जाणे, हाही एक अपराधच नव्हे काय? तिने डोळे पुसले.

"कार्यक्रम कधी आहे?"

"उद्या. पण आता काय..."

"जाकीट आण."

तिने वाफेची कळ बंद केली. पाटा तापू दिला. मग ती उरलीसुरली आकृती, कवचाची सावली, घणाचा डाग, सारे आतल्या बाजूने वळवून तिने पाट्याखाली घेतले, आणि कालच्या सकाळी जो हात थांबला होता त्याच हाताने तिने वरचा पाटा पूर्ण बळाने खाली ओढला. काम झाल्यावर वाटी पुढ्यात घेऊन ती एकेक खिळा जागेवर फिरवून बसवू लागली. भुंगा नव्याने रंगवायला बसणार होती. ताईने तिला अडवले. "नको. त्यावर रंग चढवलास तर माझं करणं झाकलं जाईल. आहे तसं ने."

सभागृहाच्या ओसरीत जाकिटेच जाकिटे टांगली होती. लखलखती कवचे, रक्तवर्णी ज्वाळा, चकाकणारे घण. त्या साऱ्या थाटात भुंगाचे जाकीट आजाऱ्यासारखे दिसत होते. काळ्या कपड्यांतली, केसाळ, भयंकर दिसणारी आणि अत्यंत नम्रपणे वाट देणारी माणसे बाबांना "या काका, इकडे बसा" म्हणत होती. ताई आपल्या स्वच्छ, कडक इस्त्रीच्या पोशाखात एका खांबाशी अंग चोरून उभी होती.

लोहदंशचा चित्रकार म्हातारा होता, किंचित वाकलेला. तो एकेका जाकिटापुढे थांबत, मान हलवीत येत होता. भुंगाच्या जाकिटापाशी तो आला, आणि पुढे गेला; मग परत आला.

"मुखवटा उघडू?"

भुंगाने मान डोलावली. त्याने टिचबटण काढले आणि त्या चेहऱ्याजवळ वाकून पाहिले.

"लोखंड विरून गेलं आणि माणूस राहिला..." अखेर तो म्हणाला. "असं धुवून काढायची कल्पना कुणाची?"

भुंगाने खांबाकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत एक विनवणी होती; *घे ना, ताई, माझ्याकडून एवढे घे!* "हिची," ती म्हणाली. "माझ्या ताईची."

सारी डोकी वळली. कौतुकाची ती नजर ताईवर पडली, आणि तिला वाटले, गप्प राहावे. एक क्षण! गप्प राहिले की सारे सुंदर होणार होते: अपराधाची कला होणार होती, आणि घरातल्या कोणाचीच मान खाली जाणार नव्हती. खोटे बोलायचेही नव्हते. नुसते गप्प राहायचे होते, जे तिला आयुष्यभर उत्तम जमले होते.

"कल्पना नव्हती ती," ताई म्हणाली. तिचा आवाज ओसरीच्या टोकापर्यंत गेला. "हिनं मला सोडून जाऊ नये म्हणून मी हिचं चित्र मुद्दाम नासवलं. कौतुक माझं करू नका. तो चेहरा तेवढा हिनं आधीच पक्का करून ठेवला होता, तो माझ्याच्यानं गेला नाही."

म्हाताऱ्याने त्या चित्रातल्या भुवईजवळच्या चट्ट्यावर अंगठा ठेवला, मग ताईच्या भुवईकडे पाहिले.

"आता जे उरलंय," त्याने अगदी कामाचे विचारावे तसे विचारले, "ते टिकेल?"

"टिकेल," ताई म्हणाली. "मी स्वतः दाबलंय. आता कितीही धुतलं तरी जाणार नाही."

तो भुंगाकडे वळला. "कवचं पुष्कळ जण रंगवतात. चेहरा असा कुणी काढत नाही. तुझ्या घरचे सोडतील का तुला?"

भुंगाच्या तोंडून शब्द फुटण्याआधी ताईने उत्तर दिले होते. "मी आणून पोचवीन."

शेवटचे गाणे सुरू झाले तेव्हा भुंगाने ते जाकीट ताईच्या अंगावर चढवले. ढोलाच्या पहिल्या घावाला बाबांनी पुढच्या लोखंडी कठड्यावर दोन्ही तळवे टेकले आणि मान मागे टाकली. मग सभागृहभर मुखवटे उघडू लागले. पुढच्या पाठींवर कोणाची आई, कोणाचा मित्र, कोणाचा म्हातारा आजोबा. ताईला स्वतःची पाठ दिसत नव्हती. तिला फक्त खांद्यांच्या मधोमध टिचबटण निघाल्याचा बारीकसा झटका जाणवला, आणि मग त्या जागी टेकलेला धाकटीचा तळवा. तोच लोखंडी कठडा धरून, त्या गडगडाटात तिने इतक्या वर्षांचा एक हुंदका पूर्णपणे, मोठ्याने, तोंड उघडून दिला; तो कोणालाच ऐकू जाणार नव्हता.

बाबांनी मात्र वळून पाहिले.

भुंगा जाऊन आता बरेच दिवस झाले. जाकीट लाँड्रीत, काउंटरच्या मागच्या खुंटीला असते. इतर कपड्यांसारखीच त्यालाही चिठ्ठी बांधली आहे, आणि तीवर नंबराऐवजी लिहिले आहे: धुवू नये. मध्यंतरी तो घड्याळजी मुलांचे गणवेश न्यायला आला होता. "कुणाचं विसरलेलं आहे का हे?" त्याने विचारले. "माझं आहे," ताई म्हणाली. त्याने काळ्या मुखवट्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि काही न विचारता गणवेश घेऊन गेला.

एक खिळा तिने बसवलेला नाही. डाव्या खांद्यावरचे ते भोक तिने जाणूनबुजून मोकळे ठेवले आहे. तो खिळा अजून त्या वाटीत, डाग काढायच्या टेबलावर आहे. धाकटीने क्षमा केली. बाबांनी तर कधी दोषच दिला नाही. म्हणून कोणीतरी लक्षात ठेवायला हवे ना! मोठे यंत्र कपडे पिळायला वेग घेते तेव्हा टेबल थरथरते, आणि तो खिळा वाटीत वाजू लागतो, टण् टण् टण्, एका सरळ, कणखर ठेक्यात. ताई हातातले काम थांबवीत नाही. कपाळावरची बट ती फुंकरीने उडवते, आणि इस्त्रीचा पाटा खाली ओढता ओढता, आपल्याही नकळत, गुणगुणू लागते.